नेपच्यून आणि व्हल्कन : गुरुत्वाकर्षणाच्या नियमाच्या दोन कसोट्या

विल्यम हर्षल यांनी १३ मार्च १७८१ रोजी युरेनसचा शोध लावला. पुढील काही दशकांत हा ग्रह न्यूटनच्या नियमानुसार गणिताने काढलेल्या मार्गावरून ढळत असल्याचे आढळून आले. नियमच सदोष आहे की एखादा अज्ञात ग्रह युरेनसला ओढत आहे, असा प्रश्न उपस्थित झाला. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी दुसरी शक्यता स्वीकारून त्या ग्रहाचे स्थान गणिताने वर्तविले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत योहान गाले यांना त्या स्थानापासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

१८५९ मध्ये ल व्हेरिए यांनीच बुधाच्या कक्षेतील विसंगती निदर्शनास आणली. इतर ग्रहांचे आकर्षण हिशेबात घेऊनही बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू अपेक्षेहून अधिक सरकतो. आजच्या मापनानुसार हा फरक शतकाला सुमारे ४३ विकला इतका आहे. त्यांनी पूर्वीचाच उपाय योजला व सूर्यानजीक एक ग्रह कल्पिला. ‘व्हल्कन’ नावाचा हा ग्रह खग्रास सूर्यग्रहणांतही शोधला गेला. परंतु तो अस्तित्वातच नव्हता. अखेर नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने या विसंगतीची उकल केली.

तात्पर्य, एकाच संशोधकाच्या एकाच पद्धतीने एकदा नियमाचे सामर्थ्य सिद्ध केले, तर दुसऱ्यांदा त्याची मर्यादा उघड केली. म्हणूनच वर्गात नेपच्यूनचे यश सांगताना व्हल्कनचे अपयशही सांगणे अगत्याचे आहे. अन्यथा विज्ञानाचा इतिहास ही केवळ विजयगाथा ठरेल.