शेंड्याचे वय

कमरेच्या खाली पोचलेल्या वेणीचा शेंडा साधारण सहा वर्षांचा असतो. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, वर्षाला पंधरा सेंटिमीटर. म्हणजे टाळूलगतचा केस या महिन्यातला, आणि टोकाचा सहा पावसाळे पाहिलेला. तेवढी न्हाणी, तेवढी उन्हे, तेवढे कंगवे त्याच्यावरून गेलेले असतात. टाळूतून पाझरणारा नैसर्गिक ओशटपणा मात्र त्याच्यापर्यंत क्वचितच पोचतो. केस वाढवण्याच्या आपल्या सगळ्या गोष्टी मुळांपाशी घोटाळतात: मुळांना माका, मुळांना जास्वंद, मुळांना मालीश. पण वर महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढ झाली आणि खाली तेवढीच तुटली, तर ‘माझे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार जन्माला येते. केस वाढत असतातच. शेंडा टिकत नसतो.

तो का टिकत नाही, हे केसाच्या रचनेत आहे. केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले खवल्यांचे सहा ते दहा थर असतात आणि सर्वांत वर मेदाचा अतिशय पातळ लेप. धुणे, पुसणे, विंचरणे यांनी लेप जातो, मग खवले उचकटतात, शेवटी आतला तंतुमय गाभा उघडा पडतो आणि केसाला फाटे फुटतात. केस ही मृत वस्तू असल्याने फुटलेला फाटा पुन्हा सांधत नाही. तो तिथेच राहिला तर चीर वर सरकते. उपाय एकच, फाट्याच्या वर कात्री. आणि मराठी घरांत शतकानुशतके नेमकी हीच गोष्ट करता येत नव्हती.

बाईचे केस हे सौभाग्याचे लक्षण. सवाष्णीच्या केसांना कात्री लावणे अशुभ, कारण बाईचे केस उतरतात ते वैधव्यात, हा अर्थ सर्वांच्या मनात पक्का होता. त्यामुळे शेंडा कापून नीट ठेवण्याचा मार्ग बंद झाला आणि तो फुटूच नये यासाठी एक सबंध गृहविद्या उभी राहिली. तिला कुणी विद्या म्हटले नाही. ती आजीच्या हातून आईच्या आणि आईच्या हातून लेकीच्या डोक्यावर गेली.

या विद्येचा पाया म्हणजे केस मोकळे न सोडणे. मोकळा केस पाठीवर, कापडावर, वाऱ्यावर घासतो. पेडांत गुंफलेला घासत नाही. तिपेडी वेणी, पाचपेडी वेणी, अंबाडा, खोपा, बुचडा ही सगळी सौंदर्याची नावे आहेत तशीच ती संरक्षणाचीही आहेत. अंबाड्यात आणि खोप्यात तर शेंडा आतच खुपसला जातो, त्याला बाहेरचे जग दिसतच नाही. वेणी लोंबती ठेवायची असेल तर तिच्या टोकाला आगवळ किंवा गोंडे गुंफायचे. शोभेचा रेशमी गोंडा कमरेवर आपटतो, झिजतो, मळतो आणि आतल्या केसाच्या वाट्याचा मार स्वतः खातो. केस विरळ असतील तर गंगावन. वनगाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांचे ते पुरवणे वेणीत मिसळले की वेणी लांबही दिसे आणि तिचा सर्वांत खालचा, सर्वांत घासणारा भाग परक्या केसांचा असे.

विंचरण्याचीही रीत होती. आधी शेंड्याकडचा गुंता सोडवायचा, मग मधला, मग मुळाशी यायचे. वरून कंगवा ओढला तर सगळे गुंते खाली जमतात आणि टोकाशी केस तुटतात. रुंद दातांचा लाकडी किंवा शिंगाचा कंगवा गुंत्यासाठी, बारीक दातांची फणी उवांसाठी, अशी कामाची वाटणी असे. कंगव्यात राहिलेली गुंतवळ फेकायची नाही, गोळा करून ठेवायची. गल्लीत ‘केसांवर फुगे’ ओरडत येणारा फेरीवाला ती घेऊन पोरांच्या हातात फुगा देई, कधी बायकांना एखादे भांडे.

धुण्याचा वार ठरलेला. आठवड्यातून एकदा न्हाणे, त्याआधी तेल. शिकेकाईच्या शेंगा, रिठा, आवळकाठी, नागरमोथा कुटून उकळलेले पाणी. शिकेकाईतली फेसाळ द्रव्ये मळ काढतात, पण तिचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने खवले बसलेले राहतात. तिच्या जागी वडीचा साबण आला तेव्हा शेंड्यांचे हाल सुरू झाले. साबण अल्कधर्मी, त्यात देशावरच्या विहिरींचे आणि बोअरचे जड पाणी. दोन्ही मिळून केसांवर चिकट राप बसतो आणि खवले उचकटतात. साबणाच्या वडीवरच शिकेकाईचे नाव छापून ती विकावी लागली, यातच जुन्या शेंगेची पत कळते.

वेणीचा एक जुना वाङ्मयीन पुरावा मात्र निगेचा नाही, मुद्दाम केलेल्या हेळसांडीचा आहे. विरहिणीने पती दूर जाताना एकच वेणी घालायची आणि तो परत येईपर्यंत ती सोडायची नाही, अशी रीत संस्कृत काव्यात दिसते. अशोकवनातली सीता एकवेणी आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या, शापाने दूर गेलेल्या यक्षाच्या पत्नीची वेणीही तशीच. शापाच्या पहिल्या दिवशी फुलांवाचून बांधलेली ती वेणी आता राठ झाली आहे, गालावर टोचते आहे आणि ती सोडायची आहे यक्षाने, परत आल्यावर. यक्ष जिथून मेघाला निरोप देतो तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. तेल नाही, कंगवा नाही, आठ महिने उकललेली नाही, अशा वेणीचे काय होते हे कालिदासाला नेमके ठाऊक होते. आणि ती सोडायचा अधिकार कुणाकडे होता, हेही.

हाच अधिकार पुढे एका विधीत उतरला. बाईच्या शेंड्यावर कात्री चालवायला धर्माने एक वाट ठेवली होती. प्रायश्चित्तात पुरुषाचे मुंडन होते, मग बाईचे काय, या प्रश्नाला पराशरस्मृतीने उत्तर दिले आहे: सगळे केस एकत्र उचलून दोन अंगुळे कापावेत, तेच तिचे मुंडन. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांवर ‘त्रिस्थलीसेतू’ लिहिला. त्या तिन्हींतल्या प्रयागला हा दोन अंगुळांचा नियम वेणीदान म्हणून आजही चालतो. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतली जोडपी तिथे जातात. बायको नवऱ्याकडे अनुमती मागते. नवरा तिला मांडीवर किंवा शेजारी बसवून तिचे केस विंचरतो, वेणी घालतो, फुले माळतो आणि वेणीचा शेंडा कात्रीने कापतो. हळदकुंकवासह तो संगमात सोडायचा. एरवी पाण्यावर तरंगणारा केस तिथे बुडतो, अशी श्रद्धा आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. दोन अंगुळे म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर, सुमारे तीन महिन्यांची वाढ. आज केस वाढवणाऱ्या मुलीला दर तीन महिन्यांनी शेंडे नीट करून घेण्याचा सल्ला मिळतो, आणि कापायचे प्रमाण याच्याहून कमीच असते. शास्त्राने बाईला एक चांगले ट्रिमिंग दिले होते, पण बहुधा जन्मातून एकदाच, तीर्थक्षेत्री आणि नवऱ्याच्या हातून.

त्याच वेणीचे दुसरे टोक भीषण होते. अनेक घरांत नवरा गेला की हेच केस न्हाव्यापुढे उतरायचे, आणि मग महिन्या-महिन्याला. आयुष्यभर शेंडा जपलेल्या बाईची सगळी मेहनत एका सकाळी जमिनीवर पडे. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी ठरवले. केसांच्या इतिहासात सुधारकांची नावे घेतली जातात, पण वस्तरा खाली ठेवणारे हात कारागिरांचे होते. त्या बंडाने केशवपन लगेच थांबले नाही. तरी बाईच्या केसांवर शस्त्र चालवायचे की नाही हा प्रश्न धर्माच्या अंगणातून बाहेर आला.

यानंतर कात्रीचा अर्थ हळूहळू बदलला. बॉबकट आधी विनोदी लेखकांच्या आणि व्यंगचित्रांच्या तावडीत सापडला. 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’ या चित्रपटानंतर त्यातल्या नायिकेच्या नावाचा साधना कट आला आणि घरोघरच्या मुलींनी कपाळावरची बट कापून घेतली. म्हणजे कात्री मराठी घरात शिरली ती पुढच्या दाराने. शेंड्याला अजून कुणी हात लावत नव्हते. शाळेत दोन वेण्या घालून, त्या दुमडून कानांमागे रिबिनीने बांधायचा नियम होता. मुलींना तो जाच वाटे, पण त्यात शेंडे वर बांधलेले असत, दप्तराच्या पट्ट्यात अडकत नसत. पार्लर आल्यावर यू कट, स्टेप कट आले आणि शेंडा कापणे ही साधी गोष्ट झाली. त्याबरोबर मोकळे केस आले, ड्रायर आला, इस्त्री आली, रंग आले. कापण्याची मुभा मिळाली आणि कापावे लागण्याची कारणेही वाढली. तेल मात्र गावंढळ ठरले.

त्या तेलाची बाजू लढवली ती मुंबईतल्या एका प्रयोगशाळेने. मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसांतून धुतल्या जाणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण फक्त खोबरेलाने लक्षणीय घटले, धुण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी. खोबरेलात लॉरिक आम्ल मुख्य. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, केसाच्या प्रथिनाशी जवळीक असलेला, म्हणून तो आत शिरतो. खनिज तेल वरवरच राहते. ओला केस पाणी पिऊन फुगतो, तेव्हाच सर्वांत कमकुवत असतो. आत शिरलेले तेल ते फुगणे कमी करते. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण न्हाण्याआधी तेल या रिवाजाचे नेमके स्पष्टीकरण त्यात मिळते. याच कंपनीने 2012 मध्ये लिव्हॉन हा सीरमचा ब्रँडही आपल्याकडे घेतला. सीरममधले सिलिकॉन केसात शिरत नाही. ते गेलेल्या मेदाच्या लेपाची जागा घेते, फाटे मिटल्यासारखे दाखवते, पुढच्या धुण्यापर्यंत घर्षण कमी करते. गोंड्याचे काम आता एक थेंब करतो.

अलीकडे केस वाढवणाऱ्या मुली झोपताना सैल वेणी घालतात, रेशमी उशी घेतात, ओले केस टॉवेलने रगडत नाहीत, टोके आत घेऊन अंबाडा बांधतात. यातले बरेचसे परदेशी व्हिडिओंतून नव्या नावांनी परत आले आहे. आजीचे नाव त्यावर नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. आजीला हे सगळे करावे लागे, कारण तिला कापायची सोय नव्हती, आणि तिच्या शेंड्यावरचा हक्क तिचा नव्हता. रीत चांगली होती, सक्ती वाईट होती, आणि दोन्ही एकाच वेणीत गुंफलेल्या होत्या म्हणून एकीबरोबर दुसरीही टाकली गेली.

आता त्या वेगळ्या करता येतात. न्हाण्याच्या आदल्या रात्री मुळांपेक्षा शेंड्यांना जास्त खोबरेल लावावे, गुंता खालून सोडवावा, घराबाहेर पडताना केस बांधावेत. एवढे केले तर फाटे उशिरा फुटतात. फुटले की दोन अंगुळे जाऊ द्यावीत. त्यासाठी ना संगम लागतो, ना कुणाची अनुमती.