दार, ढाल आणि थायरॉइड

‘तिला थायरॉइड आहे’ हे वाक्य आता मराठी घरांत मधुमेहाच्या उल्लेखाइतकेच सरावाचे झाले आहे. खरे पाहता थायरॉइड प्रत्येकालाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, साधारण वीस ग्रॅम वजनाची ती एक ग्रंथी आहे. बोलण्याच्या ओघात अवयवाचे नाव आजाराला चिकटले आणि अवयव अनोळखीच राहिला. या विषयात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकाला मी नावापासून सुरुवात करायला सुचवतो. हे नाव ग्रंथीच्या कामाबद्दल काहीही सांगत नाही. तिचे काम माणसाला किती उशिरा उमगले, हे मात्र त्यातून कळते.

ग्रीक भाषेत ‘थुरा’ म्हणजे दार. आपले ‘दार’, संस्कृत ‘द्वार’ आणि इंग्रजी ‘डोअर’ ही याच शब्दाची भावंडे. थुरापासून ‘थुरेऑस’ झाला. होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एकाक्ष पॉलिफीमस गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा लावतो, तिला हाच शब्द आहे: दाराशी लावायचा दगड. पुढे दारासारख्या उभट, मोठ्या ढालीला थुरेऑस म्हणू लागले. रोमन सैनिकांच्या लांब ढालीलाही ग्रीक लेखकांनी हेच नाव दिले. त्याला ‘रूप’ या अर्थाचा ‘एइडोस’ जोडला की ‘ढालीच्या आकाराचे’ असे विशेषण तयार होते. काटेकोर उच्चार ‘थायरिऑइड’ व्हायला हवा होता. मधला स्वर गळून ‘थायरॉइड’ रूढ झाले, आणि त्याचा शब्दशः अर्थ पुन्हा ‘दारासारखे’ असाच होतो!

दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने हे विशेषण वापरले ते ग्रंथीसाठी नव्हे, स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेसाठी. जिचा उंचवटा आपण कंठमणी म्हणून ओळखतो, ती ही कूर्चा. ती खरोखरच ढालीसारखी दिसते आणि मागच्या स्वररज्जूंचे रक्षणही करते. ग्रंथीला हे नाव मिळायला आणखी जवळजवळ पंधराशे वर्षे जावी लागली. लंडनचे वैद्य थॉमस व्हार्टन यांनी 1656 साली ‘अॅडेनोग्राफिया’ या ग्रंथात शरीरातल्या ग्रंथींचे वर्णन केले, तेव्हा या ग्रंथीला त्यांनी शेजारच्या कूर्चेचे नाव दिले. म्हणजे नाव शेजारणीचे. ग्रंथीचा स्वतःचा आकार काही ढालीचा नाही.

ही ग्रंथी स्वरयंत्राला ओलावा देते, कूर्चेला ऊब देते आणि गळ्याला, विशेषतः स्त्रियांच्या, गोलाई आणून शोभा देते, असे व्हार्टन यांचे मत होते. आजच्या वाचकाने याकडे तुच्छतेने पाहू नये. जबड्याखालच्या लाळग्रंथीची नलिका दाखवून देणारे हेच व्हार्टन. ग्रंथी म्हटली की तिला स्राव वाहून नेणारी वाट हवी, ही त्यांच्या काळाची समज होती. थायरॉइडला अशी वाटच नाही. ती आपला स्राव थेट रक्तात सोडते. ही कल्पनाच उपलब्ध नसलेल्या माणसाने डोळ्यांना दिसले त्यावरून जो तर्क केला, तो प्रामाणिक होता.

काम कळले ते ग्रंथी नाहीशी झाल्यावर. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या, म्हणजे थायरॉइड वाढून गळ्याला येणाऱ्या सुजेच्या, शस्त्रक्रिया करत. संपूर्ण ग्रंथी काढलेले अनेक रुग्ण पुढे मंद, सुजलेले, निस्तेज होत गेले, हे त्यांनी 1883 साली स्वतःच जाहीर केले आणि पूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. या विषयाच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे असे मी मानतो. 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान 1891 साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ग्रंथीचे काम मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती आणखी 28 वर्षे जगली. 1914 साली एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीचे संप्रेरक, थायरॉक्सिन, वेगळे काढले.

भारतात हा अभ्यास, ग्रंथीला लागणाऱ्या आयोडीनच्या वाटेने, मिठापर्यंत पोहोचला. कांगडा खोऱ्यात 1956 पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. ‘गलगंड’ हा शब्द आपल्याकडे सुश्रुतसंहितेपासून आहे. ग्रंथीला मात्र पाठ्यपुस्तकांनी ‘अवटू’ म्हटले. संस्कृत कोशांत अवटू म्हणजे मान, तीही मागची बाजू. जर्मन भाषेने ‘ढालग्रंथी’ असा सरळ शब्द घडवला, तसा आपणही घडवू शकलो असतो. आता ‘थायरॉइड’च चालू द्यावे, पण कूर्चा, ग्रंथी आणि आजार यांची गल्लत करू नये.

रक्ततपासणीच्या अहवालातला ‘टीएसएच’ (थायरॉइड स्टिम्युलेटिंग हॉर्मोन) हाही वाचकाने याच काळजीने वाचावा. नावात थायरॉइड असले तरी हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तयार करते, आणि थायरॉइडचे काम कमी पडू लागले की त्याचा आकडा सहसा वाढतो.