आजीचा शिवणकोपरा आवरताना

गेल्या महिन्यात चार दिवस सांगलीला जाऊन आले. जातानाच ठरवलं होतं, यावेळी आईचं शिवणाचं सामान आवरायचं. आई पंचाहत्तरीची झाली. गुडघे कुरकुरतात, पायमशीन फार वेळ चालवता येत नाही. तरी खालच्या मागच्या खोलीत, जिन्याखाली, तिचं राज्य अजून तसंच आहे. मशीन, दोन पत्र्याच्या ट्रंका, नऊ डबे, एक भलंमोठं बोचकं आणि या सगळ्यावर वाळत टाकलेले कपडे.

भाऊ म्हणाला, "ताई, निम्मं भंगारात दे, उरलेलं माडीवर नेऊ. पुन्हा पाणी आलं तर धावपळ नको."

बोलणं बरोबरच होतं. मला वाटलं, दोन तासांचं काम. चार दिवस लागले, आणि निम्मं सोडाच, एक पिशवीभर सामानसुद्धा भंगारात गेलं नाही. का, ते सांगते.

आवरायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ही वस्तू मुळात कुठे ठेवायची? आणि मग लक्षात येतं की आपल्या जुन्या घरांमध्ये शिवणाला जागाच नव्हती. जात्याला होती, उखळाला होती, देवाला, चुलीला, उतरंडीला होती. शिवणाला काय, तर दिवळीत ठेवलेलं दोऱ्याचं रीळ आणि त्यात खोचलेली सुई. बस्स.

कारण साधं आहे. अंगावरचे बहुतेक कपडे शिवलेले नसायचेच. लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं, सगळं सरळ मागावरून अंगावर. शिवायचं ते चोळी, बंडी, अंगरखा आणि लेकरांची झबली-कुंची. चोळ्या बायका हातानेच शिवायच्या, मोठं काम शिंप्याकडे जायचं. गावगाड्याच्या अलुतेदारांमध्ये शिंपीही मोजला जायचा. वाकळ शिवायची असली तर सोप्यात नाहीतर अंगणात अंथरायची, चार जणींनी चार कडांना बसायचं आणि दिवस मावळला की गुंडाळून ठेवायची. म्हणजे शिवणाला जागा मिळायची ती तेवढ्यापुरती, उसनी.

हे बदललं ते मशीनमुळे. मशीनचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये मशीनचं पेटंट घेतलं. सैन्याचे कपडे शिवायचा कारखाना पॅरिसला काढला, तर तिथल्या शिंप्यांनी पोटावर पाय येतो म्हणून तो फोडून टाकला. अमेरिकेत एलायस हाव १८४६, आयझॅक सिंगर १८५१. पण सिंगरच्या कंपनीची खरी करामत निराळीच होती. १८५६ च्या सुमारास त्यांनी मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली. एकरकमी पैसे नसलेल्या घरात एवढं महाग यंत्र शिरलं ते त्या हप्त्यांमुळे. एकोणिसावं शतक संपायच्या आत सिंगर हिंदुस्थानातही पोचलं होतं. गांधीजींना १९२४ मध्ये यंत्रांबद्दल छेडलं तेव्हा यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या त्या माणसानेसुद्धा शिवणाच्या मशीनला सूट दिली होती. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते केलं, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात बायकांना शिवण शिकवायला लागले. आणि १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ काढलं, म्हणजे मशीन देशी झालं.

आमच्या आजीचं मशीन उषाच. साल १९५८.

आजीचं घर सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. आजोबा मुंबईला परळला गिरणीत. साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी घरांची तेव्हा हीच घडी होती, बाप्या गिरणीत आणि बाई गावाकडे शेत, गुरं, सासू-सासरे बघत. गणपतीला नाहीतर जत्रेला आजोबा यायचे तेव्हा गिरणीच्या कापडाचे कटपीस घेऊन यायचे. ट्रंकेच्या तळाशी ते अजून आहेत. घडी मोडली की पिवळी पडलेली रेघ दिसते.

मशीन हप्त्यावर घेतलं. त्याची पावती डब्यात सापडली. पावतीवर नाव आजोबांचं. हप्ते कुणी फेडले ते पुढे सांगते.

मशीन आलं आणि प्रश्न उभा राहिला, ठेवायचं कुठे? माजघरात अंधार. उजेड सोप्यात, पण सोपा पुरुषांचा. शेवटी सोप्याच्या कडेला, खिडकीपाशी जागा मिळाली. आई सांगते, मशीन चालवायला स्टुलावर बसावं लागायचं, आणि सासऱ्यांसमोर सुनेने स्टुलावर बसायचं कसं? म्हणून आजी सासरे रानात गेले की शिवायला बसायची आणि त्यांच्या काठीचा आवाज आला की उठून उभी राहायची. पुढे एके दिवशी तेच म्हणाले, "बस गं, टीप वाकडी जाईल." आजीला हे वाक्य शेवटपर्यंत पाठ होतं. आमच्या घरात बाईमाणसाला बसायची जी पहिली स्वतःची जागा मिळाली ती ही, असं मला आता वाटतं.

मशीनच्या सागवानी फळीला एका कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. लहानपणी मी ती नखाने उचकटायची आणि ओरडा खायची. ती पट्टी ११ डिसेंबर १९६७ ची. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सोप्याची भिंत मशीनवर आली. बिडाचा सांगाडा जागचा हलला नाही, फळी मात्र चिरली. आई तेव्हा सतरा वर्षांची. कित्येक दिवस सगळे घराबाहेर मांडवात झोपायचे. आजीने आठवड्याभरात मशीन त्या मांडवात मांडलं. थंडीचे दिवस, सगळ्यांनाच पांघरुणं हवी होती. ढिगाऱ्यातून निघालेल्या फाटक्या लुगड्यांच्या वाकळा तिने तिथेच जोडल्या.

आता त्या हप्त्यांबद्दल. डब्यांमध्ये एका डालड्याच्या डब्यात आजीच्या वह्या निघाल्या. आजी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, गोल. ‘ब्लाऊज १, परकर २, झबली ४.’ पुढे पैसे, आणि जिथे पैसे नाहीत तिथे ‘जोंधळे १ पायली’. पहिल्याच वहीत दर महिन्याच्या शेवटी एक ओळ आहे, ‘मशीन हप्ता दिला.’ पावतीवर नाव आजोबांचं, हप्ते आजीच्या शिलाईतून.

पण मी खरी थांबले ती १९८२ च्या वहीशी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार. संप रीतसर मिटलाच नाही, माणसं मात्र हळूहळू गावाकडे परतली. कोकणात, साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात. आजोबा परतले तेव्हा पंचावन्नचे होते. आमच्या घरात आजवर सांगितली जाणारी गोष्ट अशी की दोन एकर जमीन होती म्हणून संपात घर तरलं. मीही ती शंभर वेळा ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. पण त्या वर्षीच्या वहीत शिलाईच्या हिशोबाखालीच लिहिलंय, ‘बियाणं’, ‘खत’, ‘धाकट्याची फी’, ‘यांना चष्मा’. दिवाळीच्या महिन्यात दोनशे शहाऐंशी रुपये शिलाईचे, आणि ब्लाऊजची शिलाई तेव्हा अडीच रुपये. हिशोब करा, किती रात्री जागली असेल ती. जमिनीने घर तारलं हे खरं, पण त्या जमिनीत पडलेलं बी मशीनवरून आलं होतं.

(मामा हे वाचेल. मामा, रागावू नकोस. वही तुला दाखवायला आणते आहे.)

या वहीमुळे मला म्हसवड आठवलं. तेही साताऱ्याचंच, माण तालुक्यातलं. तिथे चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण त्यांच्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आज तिथे एखादी मशीनसाठी कर्ज काढते तेव्हा कागदावर तिचं स्वतःचं नाव असतं. आजीच्या पावतीपासून तिथवर यायला चाळीस वर्षं लागली.

१९९४ ला आजी गेली. मामांच्या घरी रेडीमेड कपड्यांचा जमाना आलेला, मशीन कुणाला नको होतं. आईने टेम्पो केला आणि ते सांगलीला आणलं. आमचं घर गावभागात, दोन खोल्यांचं, वर नंतर चढवलेली माडी. पुन्हा तोच प्रश्न, ठेवायचं कुठे? म्हणून जिन्याखाली. तिथे ना उजेड, ना वारा. आईने तिथे पिवळ्या बल्बखाली पंचवीस वर्षं शिवलं. माझे कॉलेजचे ड्रेस, बाळंतविडे, शेजारणींचे फॉल-पिको.

आणि सांगली म्हटलं की कृष्णामाई आलीच. २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेलं, तेव्हा मशीन कॉटवर चढवून निभावलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कॉटही बुडाली. घर सोडायच्या आधी आईने भावाला दोन मळसूत्रं ढिली करायला लावून मशीनचं वरचं डोकं तेवढं माडीवर नेलं होतं. दागिन्यांची पिशवी ती त्या गडबडीत खालीच विसरली होती, ती वहिनीने उचलली :) पाणी उतरल्यावर सांगाडा चिखलात उभा होता. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन भावाने तो घासला. फळी टिकली, ड्रॉवर फुगून गेले. वह्यांचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर होता, म्हणून वाचला.

तर असं हे सामान. चार दिवसांत आम्ही ते कसं लावलं, तेही लिहून ठेवते. कुणाला उपयोग झाला तर बरं.

आधी सगळं चादरीवर पसरलं. कापडांचे तीन ढीग केले. ज्यात ब्लाऊज बसेल ते, ज्यात खिसा किंवा ठिगळ बसेल ते, आणि उरलेलं वाकळेचं. यापेक्षा जास्त ढीग केले की गोंधळ होतो. जुन्या सुती दोऱ्याची रिळं एकेक ओढून पाहिली. जो हातात पटकन तुटतो तो मशीनवर चालत नाही, तो वेगळा काढला, धावदोऱ्यालाही नको. सुया पुसून, तेल लावून लोकरीच्या तुकड्यात खोचल्या. बॉबिनी एका काड्यापेटीत. कपड्यांमध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मोठ्या अक्षरात, कारण आईचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.

आजीचे कागदी बेत तारेत ओवून खिळ्याला टांगले, किराणा दुकानात बिलं टांगतात तसे. त्यातले दोन ‘स्त्री’ मासिकाच्या जुन्या पानांवर कापलेले आहेत. हे मासिक १९३० मध्ये सुरू झालं ते किर्लोस्करवाडीहून, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातून. अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये मापाचे छापील कागदी बेत विकायला काढले आणि घरोघरच्या बायका आपले कपडे आपण बेतू लागल्या. आजीने ते नाव कधी ऐकलं नसेल. तिने मासिक वाचून झाल्यावर त्यातूनच पोलक्याची बाही कापली. वर लेख, मधून कातर.

बटणांचा डबा मात्र आईने लावू दिला नाही. मी रंगाप्रमाणे वेगळी करत होते, तर म्हणाली, "राहू दे. शोधताना हाताला लागतात ती बघायची असतात." मी निमूट झाकण लावलं.

मशीन आता माडीवर आहे, पूर्वेच्या खिडकीशी. भाऊ आणि त्याचा मित्र, दोघांनी मिळून चढवलं. आजीपासून मोजलं तर पासष्टहून जास्त वर्षांनी त्या मशीनला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली आहे, आणि नेमकं आता आईला ते फार वेळ चालवता येत नाही. मी मोटर बसवू म्हटलं. "नको, पळतं ते," म्हणाली. मग वहिनी म्हणाली, "मला शिकवा, पाय मी मारते." दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघी एकाच बाकावर. वहिनीचे पाय पायट्यावर, आईचे हात कापडावर. टीप वाकडीच जात होती. दोघी हसत होत्या.

असो. तुमच्याही घरी जिन्याखाली, पलंगाखाली एखादं मशीन असेलच. टाकायच्या आधी त्याचा ड्रॉवर उघडून बघा, पावतीवर नाव कुणाचं आहे ते वाचा. आणि नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्याआधी ते माडीवर न्या.