सातबारा मागे मागे वाचायचा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातली एक ताई विसाराचे पन्नास हजार रुपये पिशवीत घालून बैठकीला आली. सासरच्या शेताला लागून असलेला बारा गुंठ्यांचा गट विकायला निघालाय, उद्या विसार द्यायचा, म्हणाली. एजंटाने ताजा सातबारा दिला होता. मालक एक, बोजा नाही. "सातबारा कोरा आहे," ती म्हणाली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कागद कोरा दिसला की त्यावर आधी काय होतं ते विचारायची.

आपल्या मावळात जमिनीला गिऱ्हाईक काल आलेलं नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळ्यात मुंबईकरांचे बंगले उभे राहू लागले. 1911 मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पाची पायाभरणी झाली, वळवण, शिरोता, लोणावळा ही धरणं झाली. शेजारच्या मुळशीत तर 1921 मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि त्यात बायाही होत्या. नंतर पवना धरण आलं. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पवन, नाणे, अंदर अशा तिन्ही मावळांत एजंट फिरू लागले. दर वेळी कागदावर सह्या, अंगठे झाले. बहुतेकांना कागद वाचता येत नव्हता.

न वाचलेल्या कागदाचं दुखणं आपल्या जिल्ह्याला जुनं आहे. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. त्यानंतर 1879 चा कायदा आला, आणि शेतकऱ्याचे दस्त निबंधकासमोर व्हावेत अशी सोय त्यात झाली. 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला. आज आपण ज्याला फेरफार म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. ती इथवर कशी आली हे फेरफार सांगतो. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. ते एकेक करून मागे मागे काढायचे. काही जुने तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), काही वडगावला तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

इतर हक्कांच्या रकान्यात तर कायद्यांचा सगळा इतिहासच बसलेला असतो. कूळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ मालक झालं, पण त्या जमिनीच्या विक्रीवर कलम 43 चं बंधन राहिलं. 2014 पासून ते सैल झालं आहे, तरी नजराणा भरला का ते बघायचं. वतनाची, पुनर्वसनाची जमीन असेल तर भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असतं, म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. खातेदार ठाकर, कातकरी, महादेव कोळी असेल तर बिगर आदिवासीला ती जमीन सहजी घेता येत नाही. एजंट 'होऊन जाईल' म्हणतो. ते ऐकून तिथूनच परत फिरावं.

तुकडेबंदी 1947 ची. धरणाकाठी एकेक गुंठा विकण्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. अलीकडे काही भागांत सवलती आल्या, पण आपला गट त्यात बसतो का हे एजंटाला नव्हे, तहसीलला विचारायचं. आमच्या ताईचं शेत लगत होतं आणि ती शेतकरी खातेदार होती, म्हणून तिला हे दोन्ही अडसर नव्हते. आणि गावठाणातलं घर घेणार असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

तर आम्ही फेरफार काढले. पहिल्यात वडील वारले, मुलगा आणि दोन मुली अशी वारसनोंद. 1956 च्या वारसा कायद्याने मुलींची नावं लागली होती. पुढचा फेरफार 1991 चा: बहिणींनी हक्क सोडल्याचा अर्ज दिला, सबब नावे कमी केली. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा दस्त नंबर कुठेच नाही. फक्त अर्ज आणि खाली दोन अंगठे. वकिलांनी सांगितलं, नुसत्या अर्जाने हक्क सुटत नाही, उद्या बहिणी किंवा त्यांची मुलं कोर्टात गेली तर ताईची जमीन वादात.

मोठी बहीण दोन गावं पलीकडे राहते. आम्ही दोघी गेलो. चहा देत त्या म्हणाल्या, "भाऊ म्हणाला चावडीवर ये, मी गेले. माहेर तुटू नये म्हणून काही विचारलं नाही." मग ताईकडे बघून म्हणाल्या, "तू पैसे देणार, भाऊ घेणार, मग माझ्याकडे कशाला आलीस?"

ताईला उत्तर सुचेना. खरं सांगते, मलाही सुचलं नाही, कारण माझ्या आईनेही असाच एक अर्ज दिलेला आहे आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

विसार दिलेला नाही. दोन्ही बहिणींना खरेदीखतावर घ्या आणि त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यावर द्या, असा निरोप ताईने भावाला धाडला आहे. एजंट रागावलाय. भाऊ विचार करतो म्हणाला. पन्नास हजार पुन्हा बँकेत गेले. पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपापल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार घेऊन या. सासरचे आणा, आणि माहेरचेही आणा.