घरची बोली आणि शाळेची भाषा

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा मंडळातील भगिनींचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली. तेव्हा वाचनात आले तेवढेच सांगते.

आपला तालुका केळ्यांचा. पण आपल्या लेवा घरांतून 'केयं' असेच कानी येते. 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. माझ्या लहानपणी वर्गात 'केयं' म्हटले की छडी दिसे. केळे पिकवणाऱ्याच्या मुलाला केळ्याचे नाव येत नाही म्हणायचे, ही मौजच!

इंग्रजी अमदानीत १८५४ साली वुडचा खलिता आला. सर्वसाधारण लोकांचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे असे त्यात होते. ते योग्यच झाले. पण देशी भाषा म्हणजे कोणती? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. शाळेच्या पुस्तकांची मराठी मेजर कँडी तपासून देत. अशा रीतीने पुण्याकडची मराठी प्रमाण ठरली नि आपली बोली अशुद्ध. पुढे १९०७ साली ग्रियर्सनने भिल्ल बोली व खानदेशी एका खंडात नोंदवल्या. तो ग्रंथ विद्वानांच्या कपाटात राहिला, वर्गात आला नाही. आसोद्याच्या बहिणाबाई तर शाळेत गेल्याच नाहीत. १९५१ साली त्या वारल्या, १९५२ साली त्यांची गाणी छापून निघाली आणि मग तीच बोली पाठ्यपुस्तकात बसली!

तरी आपल्या मुलांना पुस्तकातले निम्मे-अधिक कळते. पालकडच्या सातपुड्यातील पावरा पोरांचे काय? त्यांची पावरी निराळीच. मूल गप्प बसते, त्याला मठ्ठ म्हणतात, आणि ते शाळा सोडून आईमागे आपल्याच केळीबागेत येते. खुरपणीला येणाऱ्या बायांची मुले बांधावर बसलेली आपण रोज पाहतो.

युनेस्कोने १९५३ साली मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस केली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळेत तशी सोय करावी असे ठरले. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही, शक्य तेथे पाचवीपर्यंत, तेच आहे. कागदाला तोटा नाही. करून दाखवले ते नर्मदाकाठच्या लोकांनी. सरदार सरोवराच्या बुडिताखाली येणाऱ्या अक्राणी भागात १९९० नंतर त्यांनी जीवनशाळा काढल्या. त्यांतले पुष्कळ शिक्षक त्याच समाजातले. आधी मुलाच्या बोलीतून शिकवायचे, मग मराठीवर न्यायचे. मराठी नको असे तेथे कोणी म्हणाले नाही, हे मुद्दाम सांगते. कारण आपल्याकडे तशी शंका लगेच निघते.

आपल्या मंडळात मजुरांच्या मुलांसाठी बालवाडीचा विषय निघाला आहे. बाई शहरातून आणावी असे काहींचे मत पडले. माझे मत निराळे आहे. पालकडची दहावी झालेली एखादी पावरा मुलगी बघावी. पगार तोच द्यावा, आणि तिच्या हाताखाली आपल्यापैकी एकीने बसून चार पावरी शब्द शिकावेत. मी बसायला तयार आहे.