तीन मिनिटांचा राग



ज्या गवयाचा एक राग तास-दीड तास चालावयाचा, त्यानें तोच राग तीन मिनिटांच्या तबकडीवर बसवावा कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे पुष्कळ वर्षें चालला. सोवळ्या रसिकांच्या मतें हा कलेचा विक्रय होता. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेंच गाणें मावे. तेवढ्यांत षड्ज तरी नीट लागेल काय, असा त्यांचा सवाल होता.

ही अडचण केवळ आपल्याच गवयांची नव्हती. चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील, पण गुडघ्यांमध्यें धरून वाजवावयाचें घनगंभीर आवाजाचें वाद्य. त्याचे थोर वादक पाब्लो कासाल्स १९१५ सालीं न्यूयॉर्कला तबकड्यांसाठीं वाजवूं लागले, तेव्हां त्यांच्याही वांट्यास बहुधा छोट्या, लोकप्रिय चिजाच आल्या. सां-सांस याचा ‘हंस’ त्यांपैकींच. बाखच्या चेलोसाठीं रचिलेल्या सहा मोठ्या कृति त्यांनीं मुद्रित केल्या त्या १९३६ ते १९३९ या काळांत. तोंवर घरोघरीं पोंचले होते ते छोट्या चिजांचेच कासाल्स.

हिंदुस्थानांत १९०२ च्या नोव्हेंबरांत गेसबर्ग नांवाच्या गृहस्थानें कलकत्त्यास मुद्रणाचा आरंभ केला. गायकानें कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवावयाचे. तेथील कारागिरांस गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गौहरजान गाणें संपतांच इंग्रजींत आपलें नांव सांगत. तबकडी बनवितांना लाख वापरीत. आपल्या बांगड्यांची लाख ती हीच!

आतां महाराष्ट्राकडे वळूं. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखां आणि मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखां, दोघेही एकाच युगाचे. अल्लादियाखां १९४६ सालीं मुंबईंत निवर्तले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकावयास मिळत नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांचीही तीच गत. अशा गवयांचें मोठेपण आपण शिष्यांच्या गळ्यावरून ताडावयाचें. करीमखांनीं मात्र तीन मिनिटांची अट मान्य केली. वसंत, शुद्ध कल्याण, झिंझोटी आणि भैरवींतील ठुमऱ्या, इतकेंच काय, ‘मानापमाना’तील एक पदसुद्धां त्यांनीं तबकडीवर गाऊन ठेविलें. विलंबित ख्यालाचा संथ विस्तार त्यांत नाहीं, हें खरें. ती हानि लहान नव्हे. पण घाई कोठेंच नाहीं. एका स्वरावर ते असे विसावतात, कीं घड्याळ आपणच विसरतों. माझ्या मतें ही विद्या मैफलीपेक्षां कठीण आहे.

आंबेनळीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हां लोकांस या वादांत बाजू घेणें सोपें जातें. पुण्या-मिरजेच्या मैफली महाबळेश्वरावरून घाट उतरून पोलादपुरास येत नसत, तबकडी येई. चावीच्या यंत्रास वीज लागत नाहीं. माझ्या लहानपणीं एका घरीं असें यंत्र होतें. एक बाजू वाजली कीं सुई बदलावयाची, नाहीं तर वडीलधारे रागें भरत. गायक कोणत्या घराण्याचा हें आम्हांस ठाऊक नसे, परंतु झिंझोटी पाठ होई.

आणि असें ऐकणें वायां जातें असेंही नाहीं. गदगच्या एका मुलानें करीमखांची झिंझोटीची ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधांत घर सोडलें. पुढें करीमखांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तो शिकला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

केसरबाई केरकर या तर अल्लादियाखांच्याच शिष्या. गुरुजींचा आवाज हरपला. शिष्येची भैरवी मात्र तबकडीवर राहिली, सुमारें साडेतीन मिनिटांची. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. पृथ्वीचा परिचय म्हणून त्यांवर जी सोनेरी तबकडी बसविली, तींत हिंदुस्थानी संगीताची निवड झाली ती हीच भैरवी. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या.