कालबूत

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालाशेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. लोक तिच्या मागच्या टोकाच्या मेंढ्याच्या मुंडक्याला हात लावून फोटो काढतात. मी तिच्या तोंडापाशी रेंगाळतो. गेल्या पावसाळ्यात कोपरापर्यंत हात आत घालून शिवणकामाच्या टेपने व्यास मोजत होतो, तेव्हा रखवालदार म्हणाला, "काका, हात काढा. आत पाली असतात."

हा उद्योग पुतणीमुळे सुरू झाला. तिला नेमबाजीसाठी पहिली एकबारी रायफल घ्यायची होती आणि तिने विचारलं होतं, "काका, कॅलिबर कोणतं आणि ट्विस्ट कितीचा?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. 50 मीटरच्या स्पर्धेत .22 म्हणजे 5.6 मिलिमीटरच चालतं. तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं ते याच व्यासावर, स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं तेही याच व्यासावर. इथे निवड नियमांनीच केलेली आहे. पण 'कॅलिबर' या शब्दावर मी अडकलो तो अडकलोच.

तोफेत हात घातला त्याच संध्याकाळी किल्ल्यावरून शहरात परतताना चपलेचा अंगठा तुटला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर लाकडी पायावर जोडा ताणून टाके घालत होते. त्या लाकडी पायाच्या अंगठ्याच्या बाजूला चामड्याचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. गिऱ्हाइकाच्या पायाचं हाड तिथे बाहेर आलंय म्हणून. मी विचारलं, "हा फर्मा ना?" ते म्हणाले, "आता फर्मा म्हणतात, साहेब. आमचा आजा कालबूत म्हणायचा. कालबूत बरोबर असलं तर जोडा बसतो."

कालबूत! फर्मा बहुधा पोर्तुगीजांबरोबर आलेला. त्याच्याशी मला कर्तव्य नाही. कालबूत म्हणजे फारशी 'कालबुद', साचा. जोड्याचा साचा, तसाच कमान बांधताना खाली देतात तो आधाराचा साचाही. आणि या कालबुदच्या मागे उभा आहे ग्रीक शब्द 'कालोपूस': कालोन म्हणजे लाकूड, पूस म्हणजे पाय. लाकडी पाय. (ग्रीकांचा 'पूस' आणि आपला 'पाय' मुळात एकाच घरचे, हे जाता जाता.) हाच ग्रीक शब्द सीरियाकडच्या बोलींतून अरबीत गेला, तिथे त्याचं शेपूट गळालं आणि उरला 'कालिब', पुन्हा साचाच. फारशी-उर्दूत कालिब म्हणजे देहही. जिवलग मित्रांना 'एक जान दो कालिब' म्हणतात. अरबांकडून तो भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत 'कालिब्रो' झाला, फ्रान्सात 'कालिब्र', इंग्लंडात 'कॅलिबर'. म्हणजे गुलमंडीच्या गल्लीतलं कालबूत आणि पुतणीचं कॅलिबर चुलत भावंडं निघाली. एक खुष्कीच्या मार्गाने फारशीबरोबर दख्खनेत आलं, दुसरं युरोपाला वळसा घालून जहाजातून.

या वंशावळीला एक तगडा विरोधक आहे, त्याला डावलून चालणार नाही. काही जुने पंडित म्हणतात की हा शब्द लॅटिनच्या 'क्वा लिब्रा'वरून आला, म्हणजे 'किती वजनाचा'. पुरावा म्हणून फ्रेंचांचं जुनं 'क्यू' अक्षरानं सुरू होणारं स्पेलिंग दाखवतात. ऐकायला हे पटतं, कारण बंदुकीचं तोंड वजनाने सांगायची रीत होती. आपण आजही 'बारा बोअर' म्हणतो. त्याचा अर्थ नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्यांचा एक पौंड होतो. तरी मला हा पक्ष लंगडा वाटतो. फ्रेंचमध्ये कालिब्र हा शब्द गवंडी आणि घड्याळजीही वापरतात, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ आकार तपासायचा नमुना, साचा. दुसरं, आपल्या वर्कशॉपमधलं 'कॅलिपर' हे याच शब्दाचं बदललेलं रूप आहे. कॅलिपरने जाडी आणि व्यास मोजतात, वजन करायला तो कुणी हातात घेत नाही. लिब्रावाल्यांनी स्पेलिंगमध्ये तराजू पाहिला, एवढंच. गंमत म्हणजे ऑफिसात आपण जे म्हणतो ना, 'त्याचं तेवढं कॅलिबर नाही', तो वकुबाचा अर्थ इंग्रजीत 1560च्या दशकात नोंदलाय. नळीच्या व्यासाचा अर्थ त्यानंतर, 1580च्या दशकात.

आता पुन्हा बुरुजावर. मेंढा तोफेवर फारशी लेख आहे. तिचं खरं नाव किला-शिकन, किल्ला फोडणारी, काळ औरंगजेबाचा, घडवणारा मुहम्मद हुसेन अरब. ओतीव तोफेचं तोंड ठरतं ते साच्यातल्या गाभ्याने. मातीचा जाड गाभा मधोमध उभा करायचा, भोवती धातू ओतायचा, निवला की गाभा फोडून काढायचा. जेवढा गाभा, तेवढी पोकळी. तोफ ओतायच्या साच्याला हा कारागीर 'कालिब' म्हणत असावा, असा माझा अंदाज आहे. माझ्या टेपने मी मोजत होतो ते कालिबाचंच मागे राहिलेलं रिकामपण.

ट्विस्टची, म्हणजे नळीतल्या आट्यांच्या पिळाची, कुळी इतकी सरळ नाही. नळीत आटे पाडायची युक्ती पंधराव्या-सोळाव्या शतकात जर्मन मुलखातल्या कारागिरांनी काढली, असं सगळीकडे छापलेलं असतं. सुरुवातीचे काही आटे तर सरळच होते. बहुधा दारूची काजळी मावायला जागा म्हणून. पीळ मागून आला. बाणाची पिसं तिरकी बांधली की बाण फिरत जातो आणि सरळ जातो, हे धनुर्धारी आधीपासून जाणत होते. माझ्या मते पीळ तिथूनच उचलला.

आपल्याकडे पीळ नव्हता असं मात्र नाही. ऐन-इ-अकबरीत अबुल फजल बंदुकीची नळी कशी करत ते सांगतो: लोखंडाची पट्टी चपटी करायची, तिरकी पिळत गुंडाळायची, कडेला कड न भिडवता एकावर एक घडी चढवायची आणि भट्टीत तापवून जोडायची. हा पीळ नळीच्या भिंतीत. भिंत मजबूत होई, नळी फुटत नसे. गोळी मात्र गुळगुळीत पोकळीतून न फिरताच जाई. अकबराच्या लाडक्या 'संग्राम' बंदुकीच्या काळातही आपण लोखंड पिळत होतो, गोळी नाही. हे वाक्य मी चार ठिकाणी ऐकवलंय, हे पाचवं.

पीळ किती असावा, याचा हट्टाने शोध घेतला तो इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने. 1853ची एनफिल्ड, 1857 साली चरबीच्या काडतुसांनी आपल्याला ठाऊक झालेली, तिचा पीळ 78 इंचांना एक फेरा. नळी 39 इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा. व्हिटवर्थने बारीक तोंड, लांब गोळी आणि घट्ट पीळ अशा जोड्या लावून पाहिल्या आणि .451 इंच व्यास, 20 इंचांना एक फेरा यावर मुक्काम केला. 1860 साली विम्बल्डनला नेमबाजी मेळाव्याचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने त्याच्या रायफलने काढला. रायफल घोडीवर घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली.

पुढे 1879 साली वुलविचच्या जॉर्ज ग्रीनहिलने सूत्रच दिलं. व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. .22ची नेहमीची गोळी 40 ग्रेनची, आपल्या हिशेबात एकवीस गुंजा, पाव तोळ्याहूनही कमी. लांबी साधारण साडेअकरा मिलिमीटर. गणित केलं की उत्तर सोळा-साडेसोळा इंच येतं, आणि कारखाने नेमका तेवढाच पीळ देतात. गोळी सेकंदाला आठशेच्या वर फेरे घेत निघते. त्याच नळीतून 60 ग्रेनची लांबडी गोळी सोडा. ती हवेत कोलांटते आणि कागदाला आडवी भोकं पाडते. लांबी वाढली की पीळ घट्ट हवा, वजन हा त्यातला दुय्यम मुद्दा. लिब्रावाल्यांची इथेही पंचाईत!

पुतणीला मी सोळा सांगितलं. तिने रायफल घेतली, शिकंज्यात धरून काडतुसांचे पाच लॉट तपासले. व्यास तोच, पीळ तोच, वजन तेच. चार लॉटची भोकं दहाच्या वर्तुळाबाहेर सांडली आणि तिसऱ्या लॉटच्या दहाही गोळ्या एकाच फाटक्या भोकात गेल्या. मी ग्रीनहिलचा कागद घेऊन बसलो होतो. ती रायफल पुसत म्हणाली, "काका, ह्या नळीला तोच बसतो."